मेणाचे माप : एका शस्त्रक्रियेचा इतिहास

लंडन येथील ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या १७९४ सालच्या ऑक्टोबरच्या अंकात पुण्याकडील एका शस्त्रक्रियेची हकीकत चित्रासह प्रसिद्ध झाली होती, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला व त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून टाकला. सुमारे वर्षभर तो तसाच वावरला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडण्याचा धंदा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. त्या कारागिराने प्रथम मेणाचा एक पातळ पापुद्रा घेऊन तो नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसविला व त्याला नाकाचा आकार दिला. मग तोच पापुद्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ ओढली, आणि तेवढीच कातडी सोडवून, दोन भुवयांच्या मध्ये तिचा देठ शाबूत राखून, ती खाली वळवून बसविली. सुश्रुताने नाक घडविण्याचा जो विधी सांगितला आहे त्यात मेणाच्या जागी झाडाचे पान आणि कपाळाच्या जागी गाल आहे; परंतु तत्त्व एकच. माप आधी, शस्त्र मागाहून.

ही हकीकत वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये लंडनला तोच प्रयोग केला, १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, आणि युरोपात ज्या विद्येस आज प्लॅस्टिक सर्जरी म्हणतात तिचे अर्वाचीन पर्व येथून सुरू झाले, असे मानण्याचा प्रघात आहे. त्या हकीकतीतील आणखी एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. नाकावाचून मनुष्य जगतो, जेवतो, श्वास घेतो. कावसजीच्या जिवाला धोका नव्हता. तरीही ‘तुला नाक कशास पाहिजे?’ असा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. नाक कापले जाणे म्हणजे काय, हे ज्या भाषेत म्हणच होऊन बसले आहे, त्या भाषेच्या लोकांस तो प्रश्न सुचण्यासारखाही नव्हता. चार माणसांत मान वर करून जाता यावे एवढ्यासाठीही शस्त्र चालविणे योग्य आहे, हे त्या अनामिक कारागिरास पुरते उमगलेले होते.

मापाचा हा धडा आणि न विचारलेला तो प्रश्न, या दोन गोष्टी मनाशी धरून आज आम्हांस एका निराळ्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगावयाचा आहे. ही शस्त्रक्रिया म्हणजे पारलिंगी स्त्रियांवर केली जाणारी स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया होय. विषय नाजूक आहे खरा. परंतु नाजूक विषय आपण बोलावयाचे टाळले म्हणजे ते बाजारातील भोंदूंच्या हाती जातात, आणि प्रस्तुत विषयाच्या बाबतीत तर अक्षरशः तसेच झालेले आहे. जन्माच्या वेळी जिची नोंद पुरुष म्हणून झाली, परंतु जी स्वतःस मनोमन स्त्री म्हणूनच ओळखते व तशी जगते, ती पारलिंगी स्त्री. हा वेषाचा अगर नाट्याचा प्रकार नव्हे. आमच्या रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीचे जे रूप उभे केले त्याने घरोघरच्या स्त्रियांनाही लुगडे नेसण्याचा नवा डौल शिकविला. पण पडदा पडला, रंग उतरला की ती भूमिका संपत असे. पारलिंगी स्त्रीच्या आयुष्यात पडदा पडत नाही. तिला ज्या देहात चोवीस तास राहावयाचे असते तोच देह तिला परका वाटत असतो.

स्तनाचा आकार शस्त्राने भरून काढण्याचा प्रथम नमूद झालेला यशस्वी प्रयत्न जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाला. व्हिन्सेंझ चेर्नी या नामांकित शस्त्रवैद्याने १८९५ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रंगभूमीवर काम करणाऱ्या एका स्त्रीच्या स्तनातील गाठ काढावी लागली; एक बाजू खोलगट राहून तिच्या व्यवसायास बाध येऊ नये म्हणून, तिच्याच पाठीकडील चरबीची एक निरुपद्रवी गाठ काढून ती त्या पोकळीत बसविण्यात आली. द्रव्य तिच्याच देहातील होते आणि जेवढे काढले तेवढेच भरले होते. आरंभ तर पुण्याच्या त्या कारागिराच्या वळणावर झाला.

परंतु पुढे चारपाच वर्षांतच वळण सुटले. व्हिएन्ना येथील रॉबर्ट गेरसुनी याने १८९९ च्या सुमारास पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून निघणारे मेण, पातळ करून सुईने देहात भरण्याची युक्ती काढली. ना चिरफाड, ना टाके. सुई टोचली की आकार आला. ही सोपी युक्ती अल्पावधीत युरोप-अमेरिकेत फैलावली आणि स्तनांसाठीही तिचा उपयोग होऊ लागला. काही वर्षांनी तिचे खरे स्वरूप दिसले. ते मेण जागचे सरके, त्याच्या दगडासारख्या गाठी बनत, त्वचेला व्रण पडत, आणि रक्तवाहिनीत शिरल्यास प्राणावर बेते. पुण्याचे मेण माप घेण्यापुरते होते, काम होताच ते बाजूस ठेवले जाई. व्हिएन्नाचे मेण देहातच राहिले. या शस्त्रक्रियेच्या पुढील शतकभराच्या इतिहासात हाच दोष पुनःपुन्हा दिसतो. भरावयाचे द्रव्य आधी सापडले, त्याचे गुणदोष मागाहून कळले, आणि मधल्या वर्षांची किंमत रुग्णांनी मोजली.

पारलिंगी लोकांच्या वैद्यकाचा उगम मात्र दुसऱ्या ठिकाणी आहे. ६ जुलै १९१९ रोजी बर्लिन शहरात डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी लैंगिक शास्त्राची एक संस्था उघडली. तेथे दवाखाना होता, ग्रंथालय होते, आणि मुख्य म्हणजे जे लोक अन्यत्र वेडे अगर गुन्हेगार ठरत त्यांचे म्हणणे ऐकून घेणारी माणसे होती. डोरा रिख्टर ही एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेली पारलिंगी स्त्री या संस्थेत मोलकरणीचे काम करी. १९२२ आणि १९३१ या सालांत तिच्यावर झालेल्या शस्त्रक्रिया या क्षेत्रातील अगदी आरंभीच्या नोंदींपैकी आहेत. त्याच सुमारास लिली एल्बे या डॅनिश चित्रकर्तीवर ड्रेस्डेन येथे एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. शेवटच्या शस्त्रक्रियेत गर्भाशय बसविण्याचे धाडस करण्यात आले व त्यातून उद्भवलेल्या विकाराने सप्टेंबर १९३१ मध्ये तिचा अंत झाला. ज्ञान जेथवर पोचले होते त्याच्या पुढे शस्त्र गेले की काय होते, याचे हे उदाहरण त्या काळच्या वैद्यांपुढे होते. पुढे ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी संस्थेवर हल्ला केला आणि १० मे रोजी तिचे ग्रंथ बर्लिनच्या चौकात जाळले. ज्या वर्षांत बर्लिनला हे घडत होते त्याच वर्षांत मुंबईस र. धों. कर्वे हे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक प्रश्नांवर उघडपणे लिहीत होते आणि त्यापायी खटले सोशीत होते. तेव्हा हा विषय मराठी वाचकाच्या मनोविश्वाच्या अगदीच बाहेरचा होता, असे म्हणता येणार नाही.

बर्लिनच्या त्या काळात अद्याप एक किल्ली हाती यावयाची होती. ती १९२९ मध्ये आली. त्या वर्षी अमेरिकेत एडवर्ड डॉइसी आणि जर्मनीत अॅडॉल्फ बुटेनांट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, इस्ट्रोन हे स्त्रीदेहातील संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. १९३८ मध्ये चार्ल्स डॉड्स यांनी इंग्लंडमध्ये स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. त्याच वर्षी बर्लिनच्या शेरिंग कंपनीत तोंडावाटे घेता येईल असे दुसरे इस्ट्रोजेन सिद्ध झाले. मुलगी वयात येताना तिच्या छातीत जी घडामोड होते ती ज्या रसायनाने होते, तेच आता औषधाच्या रूपाने देता येऊ लागले. येथे निसर्गाची एक नवलाची गोष्ट ध्यानात घ्यावयास पाहिजे. स्तनाचे बीज स्त्री आणि पुरुष या दोघांच्याही छातीत जन्मतः असते. ते रुजवावे की निजू द्यावे हे संप्रेरके ठरवितात. नेदरलंड्समधील वैद्यांनी २००० साली चौदा पारलिंगी स्त्रियांच्या स्तनांतील पेशीजाल सूक्ष्मदर्शकाखाली तपासून प्रसिद्ध केले, तेव्हा दीर्घ उपचारानंतर ते इतर स्त्रियांच्या पेशीजालासारखेच घडलेले त्यांना आढळले. म्हणजे औषधाने येतो तो आकार वरवरचा नसतो; तो खरोखरीचा स्तनच असतो.

या औषधांचा बोलबाला जगभर झाला तो १ डिसेंबर १९५२ रोजी. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने पहिल्या पानावर बातमी दिली की, अमेरिकेचा एक माजी सैनिक कोपनहेगनला जाऊन स्त्री झाला आहे. तिचे नाव क्रिस्टीन जॉर्गेन्सन. डॅनिश वैद्य ख्रिश्चन हॅम्बुर्गर यांनी तिच्यावर प्रथम इस्ट्रोजेनचे उपचार केले होते व त्यानंतर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. बातमी फुटताच हॅम्बुर्गरांकडे देशोदेशींहून पत्रांचा ओघ लागला. ‘आम्हांसही हे पाहिजे’ असे लिहिणाऱ्या ४६५ स्त्रीपुरुषांच्या पत्रांवर त्यांनी १९५३ मध्ये एक निबंधच लिहिला. आपल्यासारखे जगात दुसरे कोणी नाही अशा समजुतीने एकाकी झुरणारी ही माणसे होती. त्या दिवशी त्यांना कळले की आपण एकटे नाही. आणि लगोलग हेही कळले असेल की, दार उघडून देणारे डॉक्टर जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

औषधाने स्तन येतात, पण किती? प्रस्तुत शस्त्रक्रियेची गरज ज्यातून उत्पन्न होते तो प्रश्न हाच. वाढ सावकाश होते. पुष्कळ स्त्रियांत ती दोनतीन वर्षे चालू राहते, आणि बहुधा ती इच्छेपेक्षा कमीच पडते. २०१८ मध्ये युरोपातील काही रुग्णालयांनी मिळून २२९ पारलिंगी स्त्रियांची उपचाराच्या पहिल्या वर्षातील मापे प्रसिद्ध केली. त्यांत मुख्य वाढ पहिल्या सहा महिन्यांत झालेली दिसली, आणि वर्षअखेर जवळजवळ निम्म्या स्त्रियांची वाढ चोळीच्या सर्वांत लहान मापासही पुरी पडत नव्हती. शिवाय छातीचा सांगाडा तर यौवनातच ठरून गेलेला असतो. तो रुंद असतो. त्यावर बेताचा उंचवटा आला तरी तो आहे त्याहून लहान दिसतो. म्हणून शस्त्रवैद्याकडे जाण्याची वेळ येते.

शस्त्रवैद्याच्या हाती त्या सुमारास नवे द्रव्य आलेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात आणि पुढे अमेरिकेत पातळ सिलिकोन सुईने टोचण्याची चाल पडली. पॅराफिनचीच ती पुनरावृत्ती होती आणि परिणामही तसेच झाले. मग १९६२ मध्ये टेक्सास प्रांतातील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या दोघा डॉक्टरांनी घट्ट सिलिकोन रबराच्या पिशवीत भरून ते एका स्त्रीच्या छातीत बसविले. रक्त साठविण्याची प्लॅस्टिकची पिशवी हाती धरली असता जेरो यांस ही कल्पना सुचली, असे सांगतात. ती पहिली स्त्री रुग्णालयात आली होती ती छातीवरील गोंदण काढून घेण्यास. स्तनवर्धनाची गोष्ट डॉक्टरांनीच तिच्यापुढे काढली. वाचकांनी हा तपशील ध्यानात ठेवावा. जिने मागितले नव्हते तिला ते आपण होऊन देऊ करण्यात आले, आणि ती मनाने स्थिर आहे काय, याचा दाखला तिच्यापाशी कोणी मागितला नाही.

जी मागत होती तिची मात्र निराळीच कथा. १९६६ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. हॅरी बेंजामिन यांनी या विषयावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला व त्याच वर्षी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने पारलिंगी रुग्णांसाठी विभाग उघडला. तेरा वर्षांनी, १९७९ मध्ये, तो बंद झाला. त्याच १९७९ साली बेंजामिन यांच्या नावाने एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन होऊन तिने उपचारांचे पहिले दंडक घालून दिले. या दंडकांनी एक मोठे काम केले : कोठेही, कोणीही, कसेही शस्त्र चालवावे हा प्रकार थांबविण्याचा मार्ग दाखविला. परंतु त्यांत मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र, कसोटीचा काळ, अशा अटी होत्या, आणि त्या अटींमागे काळजी किती व संशय किती, हे वेगळे करणे कठीण होते. डॉक्टरांची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. पुन्हा पूर्ववत करता येत नाही असे काम हाती घेताना वैद्याचा हात अडखळावा हे योग्यच आहे. तो न अडखळता तरच चिंता वाटावी. पण शेजारच्याच खोलीत दुसऱ्या एका स्त्रीवर, केवळ तिची इच्छा आहे म्हणून, तीच पिशवी तोच डॉक्टर बसवीत असेल, तर हा अडखळणारा हात शस्त्राला भितो आहे की माणसाला, असा प्रश्न उरतोच.

दारावरच्या या अडवणुकीचा आणि अवाढव्य खर्चाचा परिणाम काय झाला? जी स्त्री आत जाऊ शकली नाही ती घरी बसली नाही. ती मागील दाराने गेली. पातळ सिलिकोन, तेही पुष्कळदा कारखान्यात वापरावयाचे, कोणा अशिक्षित सुईवालीकडून टोचून घेण्याची चाल जगातील अनेक शहरांतील पारलिंगी वस्त्यांत पडली आणि ती अद्यापि पुरती मोडलेली नाही. हे द्रव्य फुप्फुसात अगर मेंदूत पोचून माणसे दगावली आहेत. जी वाचली त्यांच्या देहात वर्षानुवर्षे सरकत्या गाठी राहिल्या. अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याने २०१७ मध्ये याविरुद्ध लोकांना पुन्हा जाहीर इशारा दिला. १८९९ ते २०१७ हा अवधी एकशेअठरा वर्षांचा आहे. द्रव्य बदलले, पण वैद्यकाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या माणसाचे भोग बदलले नाहीत.

दंडकांचा इतिहास पाहता एक गोष्ट मात्र समाधानाची आहे. काळाच्या अटी हळूहळू संशयापासून दूर आणि शास्त्राच्या जवळ सरकल्या. २००१ च्या आवृत्तीत असे होते की, अठरा महिन्यांच्या औषधोपचारानंतरही वाढ अपुरी राहिली तर स्तनवर्धन करावे. २०११ च्या आवृत्तीत बारा महिन्यांचे औषध ही सक्ती न राहता शिफारस झाली, आणि तिचे कारणही स्पष्ट लिहिले गेले : वाढ जितकी होईल तितकी होऊ द्यावी, म्हणजे शस्त्रक्रियेचा परिणाम चांगला येतो. २०२२ च्या आठव्या आवृत्तीत प्रौढांसाठी सहा महिने, किंवा इष्ट परिणामासाठी आवश्यक असतील तर अधिक, असे आले. आणि ज्यांना औषध नको आहे अगर सोसत नाही त्यांना त्यातून वगळण्यात आले. याच काळात, २०१९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणास मान्यता दिली व त्यात ही अवस्था मनोविकारांच्या यादीतून काढण्यात आली. वाट पाहावी लागते ती आजही. पण पूर्वी ती माणसाची परीक्षा पाहण्यासाठी होती, आता ती देहाची वाढ होऊ देण्यासाठी आहे. शेतकरी पेरणीनंतर थांबतो आणि उमेदवार कचेरीबाहेर ताटकळतो; दोघेही वाट पाहतात, पण त्या दोन वाट पाहण्यांत जो फरक आहे तोच येथे आहे.

या शस्त्रक्रियेत शस्त्रवैद्य नेमके काय योजतो, हे थोडे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. कारण मेणाच्या मापाची परंपरा येथेच पुन्हा भेटते. पारलिंगी स्त्रीची छाती रुंद, तिच्यावरील स्नायू बळकट, स्तनाग्रे लहान व एकमेकांपासून दूर, आणि स्तनाग्राखालची कातडी आखूड असते. म्हणून इतर स्त्रियांसाठी ठरलेला नमुना येथे जशाचा तसा लावून चालत नाही. पिशवीचा आकार ‘किती मोठा पाहिजे’ यावरून ठरवावयाचा नसून, छातीची रुंदी, कातडीचा ताण आणि अंगच्या पेशीजालाची जाडी मोजून ठरवावयाचा असतो. दोन्ही पिशव्या मध्याजवळ आणाव्या तर स्तनाग्रे बाहेरच्या दिशेस वळलेली दिसतात. स्तनाग्रांच्या मागे बरोबर बसवाव्या तर मध्ये रुंद अंतर राहते. या दोहोंच्या मधला मार्ग आधीच, रुग्णाशी बोलून, कागदावर आखावा लागतो. पिशवी स्नायूच्या वर ठेवावी की खाली, हा पुढचा प्रश्न. वरचे आवरण पातळ असेल तर स्नायूखाली ती झाकली जाते. पण बळकट स्नायू तिला जागचे हलवू शकतो. छेद स्तनाखालच्या घडीत घ्यावा, काखेत घ्यावा की स्तनाग्राच्या कडेने, आणि घडी मुळातच वर असेल तर ती किती खाली उतरवावी, हेही आधीच योजावे लागते. कातडी फारच ताठ असेल तर ती प्रथम हळूहळू ताणून घेऊन मग दुसऱ्या टप्प्यात पिशवी बसवितात. कित्येक ठिकाणी रुग्णाचीच चरबी काढून ती कडेने भरतात. म्हणजे चेर्नीची एकशेतीस वर्षांपूर्वीची कल्पना सुधारलेल्या रूपात परत आली आहे.

आणि योजना शस्त्रक्रियेच्या दिवशी संपत नाही. पिशव्यांचा इतिहासच तसे सांगतो. १९९२ मध्ये अमेरिकेने सिलिकोनच्या पिशव्यांवर कडक निर्बंध घातले. १९९९ मध्ये तेथील तज्ज्ञमंडळाने पाहणी करून सांगितले की, सर्वांगाच्या गंभीर रोगांशी त्यांचा संबंध सिद्ध होत नाही, पण फुटणे, भोवतालचे आवरण आवळून कठीण होणे, असे जागच्या जागी होणारे उपद्रव खरे आहेत. २००६ मध्ये त्या पुन्हा मोकळ्या झाल्या. २०१० मध्ये उघडकीस आले की, एक फ्रेंच कंपनी वैद्यकीय सिलिकोनऐवजी औद्योगिक सिलिकोन भरीत होती. तिच्या संस्थापकास २०१३ मध्ये शिक्षा झाली. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठाच्या एका प्रकारच्या पिशव्या, त्यांच्याभोवती क्वचित उद्भवणाऱ्या एका कर्करोगामुळे, जगभरातून परत मागविण्यात आल्या. त्याच वर्षी नेदरलंड्समधील २,२६० पारलिंगी स्त्रियांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांत १५ जणींस स्तनाचा कर्करोग झालेला आढळला. हे प्रमाण पुरुषांहून पुष्कळ अधिक, पण इतर स्त्रियांहून कमी आहे. तात्पर्य, पिशवी जन्मभराची नव्हे. ती पुढे बदलावी अगर काढावी लागू शकते. तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. आणि हे सारे शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास समजेल अशा भाषेत सांगणे हाही मापाचाच भाग आहे. छातीचे माप डॉक्टर घेतो. धोक्याचे माप मात्र रुग्णाने स्वतः घ्यावयाचे असते, आणि त्यासाठी लागणारी फूटपट्टी तिच्या हाती देणे हे डॉक्टरचे कर्तव्य होय.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर, १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने अशा शस्त्रक्रियांची व संप्रेरक-उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि २०२२ मध्ये वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची योजना जाहीर झाली. हे शब्द मोलाचे आहेत. परंतु कायद्याचे कलम आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे रुग्णालय यांमध्ये जे अंतर असते ते आपणां सर्वांस अनुभवाने ठाऊक आहे. तो रस्ता जोवर पायवाटेइतकाच अरुंद आहे तोवर सुईवालीचे मागील दार उघडेच राहणार. ते बंद करण्याचा उपाय पुढचे दार अधिक घट्ट लावणे हा नव्हे, ते उघडणे हाच होय.

पुण्याच्या त्या कारागिराचे नाव इतिहासाने जपून ठेवले नाही. त्याच्या मेणाचे माप तेवढे ठेवले. त्याने मापले ते कावसजीचे नाक. कावसजीची योग्यता मापण्याचा विचार त्याच्या मनास शिवला नसावा. आज जी पारलिंगी स्त्री शस्त्रवैद्यापुढे येऊन बसते तिच्या छातीचे माप त्याने काटेकोर घ्यावे, कातडीचा ताण पाहावा, औषधाला त्याचा काळ द्यावा, धोके स्पष्ट सांगावे, आणि आपल्या विद्येची मर्यादा आली तेथे थांबावेही. यांतील एकही गोष्ट त्याने घाईने सोडू नये. पण ती स्त्री आहे की नाही याचे माप त्याच्या पेटीत नाही, आणि आमच्या पेटीत तर नाहीच. तुम्हीआम्ही तिच्यासाठी करावयाचे ते फार थोडे आहे. कावसजी नवे नाक घेऊन बाजारात आला तेव्हा त्याच्याकडे सहज दृष्टीने पाहणारे कोणी तरी त्या बाजारात असणारच. तेवढे आपल्याला होता आले तरी पुष्कळ झाले.